जाताना की येताना
नव्या टायरचा वास आला की मला ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यातली ती दुपार आठवते. सुटे भाग वाहणाऱ्या बिनचालकाच्या ट्रॉल्या तिथे वायफायवर चालायच्या, आणि त्यांचे संदेश कुठे पाठवायचे हे ठरवणारा प्रोग्राम आमच्या टीमने लिहिला होता. पहिल्याच चाचणीत हुकूम मिळताच प्रत्येक ट्रॉली निघाली, ठरल्या जागी पोहोचली आणि तिथेच खिळून राहिली. टायरांच्या चळतींमध्ये उकाडा नुसता कोंडला होता. आमचे साहेब तंजावरकडचे मराठी, कपाळ पुसत म्हणाले, “अय्यो, हवेतलं काम आपल्या प्रोग्रामला झेपत नाही मा. संदेश वाटायला तो जुना रेडीमेड स्विचच परत लावू या.” म्हणजे आमची सगळी मेहनत कचऱ्यात. मी म्हणाले, “थांबा सर. हुकूम पोहोचतोय. ट्रॉलीचं ‘पोहोचले’ तेवढं परत येत नाहीये, म्हणून पुढचा हुकूम सुटत नाही.” केबलवरच्या संदेशात पहिला पत्ता घेणाऱ्याचाच असतो, आम्ही सगळे केबलवर शिकलेलो, तेच धरून चाललो होतो. वायफायवर मात्र ट्रॉलीकडून निघालेल्या संदेशात पहिला पत्ता छतावरच्या वायफाय-डब्याचा असतो आणि खरा मुक्काम तिसऱ्या जागी. आमचा प्रोग्राम पहिलाच पत्ता वाचून संदेश डब्यापाशी सोडून देत होता. आधी दिशा बघायची, मग पत्ता वाचायचा, एवढा बदल मी तिथेच एका टायरवर बसून केला. सगळ्या ट्रॉल्या एकदम हलल्या. साहेब हसले, “सरी, ठीक आहे मा, तो जुना स्विच नको आता.” आता हाताखालचं कुणी ‘वायफाय बिघडलं’ म्हणत आलं, की मी एवढंच विचारते: जाताना की येताना?