खंडेनवमीला वायरीविना चाललेली टेस्ट

लातूरला सासुरवाडीहून निघताना मी लॅपटॉपच्या चार्जरऐवजी सासऱ्यांच्या सेट-टॉप बॉक्सचा अॅडॅप्टर बॅगेत भरला. नांदेडला पोचतोय तोच फोन — "जावईबापू, तुमचा चार्जर टीव्हीला लागंना गेलाय!"

असा हा साक्षीदार... भरवसा बेतानंच ठेवा. अमानवीय वगैरेंवर माझा काडीचा विश्वास नव्हता. कॉलेजात डेटाबेस शिकवतो मी. "लॉग दाखव, मग बोल" म्हणणारा माणूस.

पन्नाशी आली तरी माझी पीएचडी चालूच होती. विषय — एकाच डेटाबेसवर अनेक कामं एकदम आली की ती एकमेकांसाठी थांबून अडकतात, तो डेडलॉक टाळायची पद्धत. कागदावर झकास. टेस्ट लावली की अर्ध्यात डेडलॉक! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाईड सरांसमोर शेवटची संधी, नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द. बॅटरी कधीच मेलेली, वायरीशिवाय मशीन ढिम्म. आणि त्या जुन्या मॉडेलची पिन गावभर मिळेना.

खंडेनवमीला बायको म्हणाली, "तसंबी बंदच हाय नं? आणा हिकडं." विळी, शिलाई मशीन, माझा टेस्टर... त्यांच्या रांगेत लॅपटॉप उघडा ठेवला.

"अगं, कीबोर्डात कुंकू जाईल!"

"जाऊ द्या. चालत तरी कुठं व्हतं?"

आरती सुरू झाली... आणि लॅपटॉपचा पंखा घुमायला लागला! स्क्रीन उजळली. माझीच टेस्ट — मी न लावलेली — भराभर ओळी सरकताहेत. वायर? नव्हतीच. आरती सोडून मी लॅपटॉपच्या मागं वाकून पाहायला लागलो. बायकोनं ताट ओवाळता ओवाळताच कोपरानं ढोसलं, "म्हणा की फुडं!" म्हटली मी — बेसूर, पण अशी खणखणीत की शेजारचे डोकावले. आरती संपली तेव्हा स्क्रीनवर 'कम्प्लीट'. मग परत काळोख.

भीती? छे! मी पाटाभोवती चक्क नाचलो.

दसऱ्याला मेव्हणा चार्जर घेऊन आला. लॉग उघडला — वेळ आदल्या दिवशीच्या आरतीची, रिझल्ट पूर्ण. कॉलेजातल्या कॉपीशी कोड ताडून पाहिला... अक्षरही बदललेलं नाही. पुन्हा टेस्ट लावली. चालली. परत लावली. चालली!

सरांनी विचारलं, "काय बदललं?" खोटं कसं बोलू? सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, कोड स्वतःच्या मशीनवर चालवला. तिथंही पूर्ण! सही करत म्हणाले, "पद्धत पास. कुंकवाचं मात्र व्हायवामध्ये काढू नका."

बॅटरी दुकानात दाखवली. पोरगा म्हणाला, "ह्यात काहीच न्हाई सर, फेका." कोड तोच, मशीन तेच... मग आधी का अडकायचं, आणि त्या दिवशी चाललं कशावर? अजून कळलेलं नाही.

घरी येऊन सांगितलं — सही झाली, आता प्रबंध लिहायचा. बायको पोळी लाटता लाटता म्हणाली, "आभाराच्या पानावर बायकोला शेवटच्या ओळीत समदेच टाकतेत. मला मेथडॉलॉजीत घ्या."