चप्पल चोरीला गेली नव्हती

हे मी प्रार्थनेतही कधी बोललो नाही. डोळे मिटले की 'माझ्या सगळ्या पापांची क्षमा कर' असं घाईघाईने म्हणतो — सगळ्या म्हणजे कुठल्या, तिथे थांबत नाही. आत्ता तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

त्या रविवारी घाटकोपरच्या आमच्या चर्चमध्ये मला साक्ष द्यायची होती. देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, त्याला आम्ही साक्ष म्हणतो. माझ्याकडे सांगण्यासारखं खूप होतं. आई तालुक्याच्या मिशन बोर्डिंगमध्ये भाकऱ्या थापायची; मी घरातला पहिला पदवीधर, अंधेरीच्या ऑफिसात नुकताच लागलेला. राहायला जागासुद्धा चर्चमधल्याच एका कुटुंबाने दिली होती. मनात वाक्यं जुळवत चाललो होतो.

पुलाखाली एक माणूस पडला होता. टेम्पो त्याला उडवून निघून गेला होता. कानातून रक्त येत होतं. एक गजरेवाली त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"ए दादा, रिक्षा थांबव ना! माझ्या एकटीच्याने उचलत नाय हा."

मी थांबलो — खरंच थांबलो. पण मग डोक्यात काय आलं, सांगू? पोलीस. माझं नाव, पत्ता, साहेबांना फोन. नोकरी अजून कच्ची होती. साक्षीदार म्हणून बोलावतील... शब्द तोच ना? साक्ष.

"मला चर्चला उशीर होतोय," मी म्हणालो.

"जा बाबा जा, देव खोळंबलाय तुझ्यावाचून!"

तेवढ्यात त्या माणसाने माझा पाय धरला. घट्ट.

आठवताना इथेच मी दर वेळी अडतो.

मी पाय हिसडला — जोराने. चप्पल त्याच्या हातात राहिली. मी पळालो.

आमच्याकडे चर्चच्या दारात सगळेच चपला काढतात. उरलेली एक मी गटारात टाकली, आत गेलो आणि साक्ष दिली. चांगली झाली. काही जण रडले.

बाहेर आलो तर पायात काही नाही. आमच्या चर्चच्या पाळकांच्या पत्नीने — आम्ही त्यांना मामी म्हणतो — विचारलं, "चोरीला गेली का रे बाळा?"

"हो, मामी."

मामींनी पाळकांच्या चपला माझ्यापुढे ठेवल्या. पाळक भर उन्हात अनवाणी घरी गेले. त्याआधी त्यांनी सगळ्यांना थांबवलं. "त्या चोराला किती गरज असेल," म्हणाले, आणि त्याच्यासाठी प्रार्थना केली. आमेन मीही म्हणालो.

तो माणूस जगला का? मी कधी विचारायला गेलो नाही. इतकी वर्षं झाली, गजरेवाली अजून तिथेच बसते. मी लांबच्या रस्त्याने जातो. तिने ओळखलं तर?

परवा माझ्या लेकीने खेळता खेळता मागून पाय धरला. मी हिसडला — तसाच. ती पडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.