शिट्टी शोभाताईंच्याच हाती

शोभाताईंना मी प्रथम पाहिले ते वाघोलीत, पुरुषांच्या कबड्डीच्या अंतिम सामन्याआधी. मी वार्ताहर म्हणून गेलो होतो. ताई गावच्या शाळेत खेळ शिकवीत. मुलींच्या सामन्यांना त्या नेहमी पंच असत. पुरुषांच्या सामन्यात त्यांना प्रथमच उभे केले होते.

वाघोलीसमोर वारज्याचा संघ. त्यांचा कर्णधार आयोजकांवर उखडला, "पंच बदला! एक तर बाई, त्यात वाघोलीच्या. वर यांचा भाचाच समोरून खेळतोय."

ताईंनी ऐकून घेतले. "रास्त आहे तुमचं. पण खेळा. एक जरी निर्णय खोटा वाटला, तर शिट्टी तुमच्या हातात देईन. पुरुषांच्या मैदानात पुन्हा यायची नाही."

मध्यंतरापर्यंत कुणाची तक्रार आली नाही. शेवटच्या चढाईला वारजे एका गुणाने पुढे होते. ताईंचा भाचा गणेश आत शिरला, दोघांना शिवला आणि मधली रेषा ओलांडून आपल्या अंगणात कोसळला. वाघोलीने गुलाल उधळला. त्या गदारोळात शिट्टी वाजली.

"रेषेआधी दम तुटला. चढाईवीर बाद."

"आत्याबाई, तुम्ही नक्की कुठल्या हाय?" गर्दीतून कुणीतरी ओरडले.

ताई भाच्यापाशी गेल्या. "गणेश, तुटला ना रे?"

सारे मैदान त्याच्या तोंडाकडे पाहू लागले. त्याने 'नाही' म्हटले असते, तर ताईंच्या बाजूने बोलणारे गावातले कुणीही उरले नसते.

"तुटला, आत्या."

"ऊठ. गुडघा दाखव." कमरेला खोचलेला रुमाल काढून त्यांनी त्याचा गुडघा बांधला आणि मग वारज्याचा विजय जाहीर केला. मी बातमी लिहायची विसरून पाहत राहिलो. गणेश त्यांच्याच हाताखाली खेळ शिकला होता, हे मला नंतर कळले. खरे विचारण्याचे धाडस त्यांचे. खरे सांगणाराही त्यांनीच घडवलेला!

वारज्याचा कर्णधार घुटमळत आला. "बाई, पुढच्या रविवारी आमच्याकडे सामने आहेत. याल?"

"येईन. पण हरलात तरी चहा विचारायचा हं!"

आज ताई साठ वर्षांच्या होत आहेत. धावत्या खेळाडूंबरोबर त्या अजूनही रेषेरेषेने पळतात.

ताई, आपणांस निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. येत्या रविवारी वाघोली आणि वारजे पुन्हा समोरासमोर आहेत. पंच म्हणून आपले नाव सुचवले आहे ते वारज्याने.