सरांचा गवंडी

"पाय टाकाच्या आधी सांग, मंग रडू नको," असं म्हणून सर पेन्सिल कानावर अडकवत आणि आमच्याकडे बघत राहत.

तुमच्यापैकी कुणी हा खेळ खेळला असेल, तर ती नजर ओळखीची वाटेल. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. तीसेक वर्षांपूर्वी अमरावतीत हे फार कुणाला माहीत नव्हतं. सर आम्हाला शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, आणि खेळात गोष्ट सांगणारे तेच. आमचे नियम झेरॉक्सचे. वीस बाजूंचा फासा मिळेना, म्हणून स्टीलच्या पेल्यात वीस चिठ्ठ्या. भुयारं मात्र सर ग्राफ पेपरवर अशी काढत, की खरीच बांधायला घ्यावीत.

त्या भुयारांत आम्ही पटापट मरायचो. फरशी खचायची, छत खाली यायचं. "मेला. दुसरा कागद घे," सर म्हणत, आणि आम्ही त्यावर नवा माणूस लिहायला घ्यायचो. वाईट वाटायला वेळच नसे. जिवंत बाहेर पडणं एवढाच आमचा खेळ.

पुढे नोकरीसाठी मी अकोल्याला आलो. निवृत्तीनंतर सरही मुलाकडे इथेच राहायला आले. माझी मुलगी मुक्ता रविवारी दुपारी मैत्रिणींबरोबर तोच खेळ खेळवते, हे कळल्यावर म्हणाले, "मले पाहू दे."

ते बघायला आले त्या दिवशी एका मुलीने राक्षसापुढे तलवार उपसलीच नाही. त्याला विचारलं, तू इथे एकटा का राहतोस? त्यातच दुपार सरली. मला वाटलं, सर हसतील. ते खुर्ची पुढे ओढून बसले होते.

मुक्ता म्हणाली, "आजोबा, तुमी पण खेळा ना. तुमचा माणूस कोण आहे? कशाले भेते तो?"

"भेते मंजे?" सर गोंधळले. "आमच्यात असं कोणी इचारलंच नाही बाप्पा." मग म्हणाले, "आठ दिवस दे मले."

आठ दिवसांनी ते एक वही घेऊन आले. त्यांचा माणूस म्हातारा गवंडी होता. ती सगळी भुयारं त्यानेच बांधलेली, खचणाऱ्या फरश्यांसकट. आता तो तिथे मेलेल्यांच्या घरी जाऊन कबुली देणार होता. त्या दारांनाच तो भीत होता. वहीत मेलेल्यांची नावं होती. आम्ही खेळलेल्या माणसांची. एकूणएक, कोण कुठल्या पायरीवर गेला त्यासह. 'भिका, भालाईत' हे नाव वाचल्यावर मला आठवलं, हा माझा होता.

"सर, तुम्ही एवढं लक्षात ठेवलं?"

"मीच मारलं होतं ना त्यायले," ते म्हणाले.

सर गेल्या हिवाळ्यात वारले. तोवर दर रविवारी त्यांचा गवंडी एकेक दार वाजवत राहिला, आणि दारामागचं माणूस मुक्ता व्हायची.

भिकाच्या घराची पाळी आली त्या दुपारी मी भिंतीला टेकून उभा होतो. मुक्ता भिकाची आई झाली होती. सरांनी काही लपवलं नाही. शेवटी म्हणाले, "ते पायरी म्या बांधली होती, माय."

टेबलावर फासा होता. कुणी त्याला हात लावला नाही. मुक्ता हळूच म्हणाली, "उन्हाचे आले तुमी. हात धुवा. भाकर टाकतो."

सर उठले, आणि आमच्या बेसिनपाशी जाऊन खरोखरच हात धुऊ लागले.