मनोरमाबाईंची अर्धी प्रार्थना

मनोरमा शांतवन बोर्डे. माहेरचे नाव मनोरमा योहान हिवाळे. जन्म देऊळघाट येथे, १९५३ साली. मृत्यू मलकापूर येथे, २०२३ साली. पती शांतवन रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झाले व त्यांच्या आधीच प्रभूत निजले. मागे मुलगा प्रेम आणि सून डिंपल आहेत. दिवंगत सभासदांची चरित्रे स्मरणिकेत छापण्याचा आपल्या ख्रिस्ती मंडळीत प्रघात आहे. त्या प्रघाताप्रमाणे मनोरमाबाईंच्या भगिनी मंडळातील सेवेचा उल्लेख करून येथेच थांबता आले असते. परंतु शेवटच्या आजारात त्यांनी मला, मंडळीच्या चिटणिसाला, मुद्दाम बोलावून घेतले.

“माह्याबद्दल तुम्हीच लिहाल, सर,” त्या म्हणाल्या. “तं नुसतं चांगलं लिहू नका. पुष्पाचं लिहा.”

ती गोष्ट एकट्या त्यांची नसून पुष्पाबाईंच्या मुलीचीही आहे, हे मी त्यांच्या नजरेस आणले.

“मंग अनुपमाले विचारा. ती नाही म्हणली तं निस्त्या तारखा छापा.”

मी विचारले. अनुपमाने हा मजकूर पूर्ण वाचला असून तो तिच्या संमतीने प्रसिद्ध होत आहे. एवढा खुलासा आरंभीच करणे अवश्य होते; ते का, हे पुढे कळेल.

मनोरमाबाई घरी शिवणकाम करीत. स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर त्यांचे घर होते आणि पुढच्या खोलीत खिडकीखाली मशीन. मंडळीतल्या बहुतेक स्त्रियांची पोलकी त्याच शिवत. माप घेताना त्यांच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असत, त्यामुळे त्यांना बोलता येत नसे. समोरची बाई मात्र हात पसरून उभी राहिली की बोलू लागे. सासूचे, जावयाचे, न झालेल्या मुलाचे, झालेल्या मुलाचे. घरी जाताना ती एवढेच म्हणे, “प्रार्थनेत ठेवा, ताई.”

मनोरमाबाई खरोखरच ठेवीत. बुधवारी दुपारी भगिनी मंडळाची सभा कोणाच्या तरी घरी भरे आणि मध्यस्थीची प्रार्थना, म्हणजे इतरांसाठी देवाजवळ मागणे, हे काम वर्षानुवर्षे त्यांच्याकडे होते. आवाज भरदार, भाषा शुद्ध, आणि ओघ असा की ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत. त्या कोणाचे नाव कधीच घेत नसत. “प्रभू, तुला ठाऊकच आहे,” अशी सुरुवात होई, आणि मग देवाला ठाऊक असलेले सर्व काही त्या देवाला सांगत. ती बहीण, जी नुकतीच माहेरी आली आहे. तो बंधू, ज्याची बदली साहेबाच्या रागामुळे झाली. मलकापूर हे काही फार मोठे गाव नव्हे. खुणा पटत.

छायाबाई नावाच्या त्यांच्या शेजारीण मंडळातच होत्या. त्या एकदा चहाच्या वेळी म्हणाल्या, “देवाले ठाऊक असते. आपल्याले मनोरमाबाई सांगतात.”

सगळ्या हसल्या. मनोरमाबाईही हसल्या. ते बोलणे आपल्याला गोड लागले होते, असे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केले. लोक आपल्याजवळ मन मोकळे करतात, हे चार जणींना दिसावे. कोणाच्या घरात काय चालले आहे, ते आपल्याला प्रथम कळते, हे चार जणींनी जाणावे. त्यांचा मोह हा एवढाच होता. डोळे मिटलेले, हात जोडलेले आणि जिभेवर प्रभूचे नाव, अशा स्थितीत येणारा मोह ओळखणे कठीण असते. पण आपल्याला तो ओळखताच आला नाही, असे त्यांनी कधी म्हटले नाही.

पुष्पाबाई वाकोडे ही त्यांची जिवलग मैत्रीण. तिची एकुलती मुलगी अनुपमा. २०११ साली अनुपमाला खामगावचे एक स्थळ सांगून आले व दोन्हीकडून पसंती झाली. अनुपमाला लहानपणी फिट येत असत. अकोल्याच्या डॉक्टरांनी औषध बंद करूनही बराच काळ लोटला होता आणि त्रास पुन्हा झाला नव्हता. तरी ही गोष्ट मुलाकडच्यांना आपण होऊन, समोर बसून सांगायची, असे पुष्पाबाईंनी ठरवले होते. त्यासाठी त्यांना धीर हवा होता. पोलक्याचे माप देताना त्या मनोरमाबाईंना म्हणाल्या, “रविवारच्या उपासनेनंतर आम्ही खामगावले जाऊन सांगून राह्यलो. मले बोलता आलं पाहिजे. तेवढी प्रार्थना करा.”

मधल्या बुधवारी सभा छायाबाईंच्या घरी होती. एक अनोळखी पाहुणी भिंतीला टेकून बसली होती. नाव शालिनीबाई, इतकेच कळले. पुष्पाबाई त्या दिवशी आल्या नव्हत्या. मध्यस्थीची वेळ आली. मनोरमाबाईंनी “प्रभू, तुला ठाऊकच आहे” असे म्हटले आणि पहिल्या दोन मागण्या मागून झाल्यावर अनुपमाची गोष्ट त्यांच्या ओठांवर आली.

इथे त्यांच्याच शब्दांत सांगतो. “आतून आवर आला, सर. कोणी पदर धरून मागं ओढावं तसा. मले साफ समजलं का देव थांब म्हणून राह्यला. पण पाहुणी ऐकत होती. वाक्य चांगलं जमलं होतं. मी पुढं गेली.”

आपल्या एका तरुण बहिणीला बालपणी जडलेल्या आकडीपासून प्रभूने कायमचे मुक्त ठेवावे आणि येत्या रविवारी तिच्या माता-पित्याला खामगावी सत्य सांगण्याचे धैर्य द्यावे, असे त्या बोलल्या. नाव घेतले नाही. शालिनीबाई मुलाची सख्खी आत्या होती.

रविवार उजाडण्याआधीच खामगावचा नकाराचा निरोप आला. मुलीच्या आजाराविषयी त्यात एक शब्द नव्हता. तुम्ही आमच्यापासून लपवले, बाहेरच्या बायकांच्या प्रार्थनेत आम्हाला कळावे हे शोभले नाही, एवढेच होते. पुष्पाबाई सांगणारच होत्या, यावर आता कोण विश्वास ठेवणार?

मनोरमाबाई त्यांच्याकडे गेल्या. दारातच म्हणाल्या, “मी नाव नव्हतं घेतलं, पुष्पा.”

पुष्पाबाई धान्य निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले नाही. “मी देवाले सांगा म्हणलं होतं, ताई,” त्या म्हणाल्या. “आत्याले आम्ही सांगणार होतो. ते आमचं होतं सांगायचं.”

त्या पुन्हा धान्य निवडू लागल्या. त्यांचे शिवायला टाकलेले पोलके त्यांनी नेले नाही आणि नवे टाकले नाही. मनोरमाबाई पुन्हा गेल्या. या वेळी नाव घेतल्या-न घेतल्याचा उल्लेख न करता सरळ क्षमा मागितली. पुष्पाबाईंनी चहा दिला. मंडळीत समोरासमोर आल्या की त्या “जय ख्रिस्त” म्हणत. क्षमा केली, असे म्हणाल्या नाहीत. अनुपमाने पुढे लग्नाचा विषय घरात निघू दिला नाही. ती बुलढाण्याला एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली आणि तिथेच राहिली.

मनोरमाबाईंनी मग सभेत प्रार्थना करणे सोडले. त्यांना कोणी आग्रह केला तर घसा बसल्याचे सांगत. हे काही दिवस चालल्यावर तेव्हाचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, साबळे त्यांच्या घरी गेले. मंडळीचा चिटणीस या नात्याने मीही सोबत होतो. सर्व ऐकून घेऊन पाळक म्हणाले, “शिक्षा तुम्हीच ठरवली, तुम्हीच भोगताय. यात देवाला कुठे विचारलंत?”

“मंग काय करू?”

“प्रार्थना करा. आवर आला की थांबा. त्या दिवशी तेवढंच करायचं होतं.”

त्यानंतर त्यांनी पुन्हा प्रार्थना करण्यास आरंभ केला. परंतु ती पूर्वीची राहिली नाही. “तुला ठाऊकच आहे” हे शब्द त्यांनी टाकले. वाक्य मध्येच तुटे. सारी सभा डोळे मिटून वाट पाहत राही, पंखा फिरत राही, आणि मग पुढच्या विषयाचे साधेसे वाक्य येई. नव्या मुली एकमेकींना कोपराने ढोसत. “मावशी अटकल्या, पाह्य,” असे कुजबुजणे मी स्वतः ऐकले आहे. वयामुळे विसर पडतो, असा बहुतेकांचा समज झाला, आणि मनोरमाबाईंनी तो दूर केला नाही. विसर पडत नव्हता. उलट सगळे आठवत होते आणि तोंडापर्यंत येत होते. मोह कमी झाला काय, असे मी एकदा विचारले. “कशाचा कमी,” त्या म्हणाल्या. “दर बुधवारी पोलकं शिवायले टाकल्यासारखा हजर असते.”

२०१८ सालच्या हंगामाच्या उपकारस्तुतीला, म्हणजे पीक हाती आल्यावरच्या आभाराच्या उपासनेला, शालिनीबाई पुन्हा मलकापुरास आल्या. त्याच्या थोडे आधी खामगावची एक बाई मनोरमाबाईंकडे माप द्यायला आली होती आणि तिने त्याच मुलाविषयी, ज्याच्याशी अनुपमाचे लग्न मोडले होते, एक गोष्ट सांगितली होती. ती त्या घराण्याने सर्वांपासून, पुढे घरात आलेल्या सुनेच्या माहेरापासूनही, दडवली होती. ती कोणती, हे मी लिहिणार नाही. तुम्ही लपवले, असा निरोप वाकोड्यांना धाडणाऱ्यांना ती मान खाली घालायला लावणारी होती, इतके पुरे.

उपासनेत शालिनीबाई पुढच्या ओळीत बसल्या होत्या. पुष्पाबाई त्यांच्या मागे, दोन ओळी सोडून. पाळकांनी मध्यस्थीसाठी मनोरमाबाईंचे नाव घेतले. त्या उठल्या. आपल्या हातून मोडलेले आज एका वाक्यात भरून काढता येईल, पुष्पाला न्याय मिळेल आणि तोही प्रार्थनेतच, हा विचार त्यांच्या मनात स्पष्ट उभा राहिला होता. या वेळचा मोह न्यायाचे कपडे घालून आला होता, आणि ते कपडे त्यांच्याच मापाचे होते.

“प्रभू, तुला ठाऊकच आहे,” त्या म्हणाल्या.

टाकलेले शब्द इतक्या वर्षांनी परत आले, हे माझ्या लक्षात आले. पुष्पाबाईंनी मान वर केली, तेही मी पाहिले. डोळे मिटायचे मी विसरलो होतो. बाहेर एक मालगाडी बराच वेळ जात राहिली. ती जाऊन संपली तरी मनोरमाबाई उभ्याच होत्या. त्यांचे ओठ एकमेकांवर घट्ट दाबलेले होते, माप घेताना टाचण्या धरल्यावर असत तसे.

मग त्या “आमेन” म्हणाल्या आणि खाली बसल्या.

पुढे खरी हकीकत कळल्यावर मी त्यांचे अभिनंदन केले, तेव्हा त्यांना ते आवडले नाही. “पहिले शब्द गेलेच ना तोंडातून,” त्या म्हणाल्या. “ते देवासाठी नव्हते, सर. शालिनीबाईनं कान टवकारावे म्हणून होते. मी थांबली ते खरं. निघाली होती तेही खरं.” हा दोष त्यांनी पाळकांजवळही कबूल केला. मोहाला नकार दिल्याचे समाधान त्यांना लाभले नाही. त्यांना फक्त नकार देता आला.

खामगावची ती गोष्ट कालांतराने दुसऱ्या मार्गाने बाहेर आली. तेव्हा माप देणाऱ्या बाईनेच बोलता बोलता पुष्पाबाईंना सांगितले, “मी तं मनोरमाताईले केव्हाच सांगितलं होतं, उपकारस्तुतीच्या आधी.” छायाबाई तिथे होत्या, त्यांनीच मला हे सांगितले. पोलकी पुष्पाबाईंनी त्यानंतरही दुसरीकडेच शिवायला टाकली.

मनोरमाबाईंच्या अंत्यविधीला अनुपमा बुलढाण्याहून आली होती. या मजकुराला संमती देताना ती मला म्हणाली, “मावशीनं लग्न मोडलं असं मी म्हणत नाही. पण आईनं माझ्यासाठी जे बोलायचं ठरवलं होतं, ते तिला कधीच बोलता आलं नाही.” मावशीला आपण क्षमा केली आहे, हेही तिने सांगितले व तसे लिहिण्यास परवानगी दिली.

कबरस्तानात माती देऊन झाल्यावर पाळकांनी शेवटची प्रार्थना कोण करील, असे विचारले. प्रेम रडत होता. भगिनी मंडळाच्या स्त्रिया एकमेकींकडे पाहू लागल्या. तेव्हा पुष्पाबाई पुढे आल्या.

“प्रभू, तुला ठाऊकच आहे,” त्या म्हणाल्या.

आम्ही थांबलो. त्यांनी पुढे काही मागितले नाही. थोड्या वेळाने “आमेन” म्हणून त्या मागे सरकल्या व अनुपमाचा हात धरून फाटकाकडे चालू लागल्या.

ती क्षमा होती की नव्हती, हे मला विचारता आले असते. मी चिटणीस आहे. नोंद पूर्ण असावी असे मला वाटते. मी विचारले नाही. मनोरमाबाईंच्या कपाटात पुष्पाबाईंचे एक पोलके काजे-बटणांसह शिवून, इस्त्री करून ठेवलेले निघाले. २०११ सालच्या मापाचे होते. प्रेमने ते नेऊन दिले. पुष्पाबाईंनी ठेवून घेतले.