पम्याची जीप आणि पाण्याखालचं गाव

पम्या गेला तेव्हा आमचं भांडण अर्ध्यावर होतं.

आज वर्ष झालं. होळीच्या आदल्या दिवशी बँकेतून घरी आला, छातीत दुखतं म्हणाला, आणि भंडाऱ्याला नेईपर्यंत संपला.

भांडण गाडीचं होतं. दुसरं कशाचं असणार?

त्याच्याकडे जुनी जीप. सॉलिड ॲक्सल. पुढची दोन्ही चाकं एकाच जाड लोखंडी दांड्यावर. एक चाक दगडावर चढलं की दुसरं हलतं, स्टेअरिंग हलतं, आणि तुमची कवळी असेल तर तीही.

मी नवीकोरी फोर बाय फोर घेतली. इंडिपेंडंट सस्पेन्शन. पुढचं प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होतं, आत बसलेल्याला पत्ताही लागत नाही.

आम्ही सुरू झालो की पवनीच्या पानठेल्यावरून लोक उठून जायचे.

"तुह्या गाडीत रोड समजतच नाही बे. सोफ्यावर बसून जाऊन राहिला वाटते."

"मंग चांगलंच आहे ना! कायले घेतली मी?"

"तुले चांगलं आहे. माहं गाव पाण्याखाली आहे. डोयाले दिसत नाही. हातालेच समजते."

यावर मी हसलो होतो.

त्याचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की थोडे दिवस वरचा भाग उघडा पडतो. घरं नाहीत, झाडं नाहीत. नुसता राखाडी गाळ, वरून वाळलेला. पार पलीकडच्या टोकाला त्याच्या वडिलांना पुरलं होतं. तिथं एक दगड आहे. पम्या दर उन्हाळ्यात मायला जीपमधून त्या दगडापाशी न्यायचा.

एकदा मीही सोबत होतो.

भर दुपार. समोर सगळं सपाट. स्टेअरिंगला बारीक झटका बसला की पम्या बोलायचा.

"हे समाजमंदिराचं जोतं."

थोडं पुढं, "हा आमचा मोहल्ला."

मग एकदम वळवून, "इथं विहीर आहे. वरून गाळाची पपडी. आतमंधी पोकळ."

मी खाली पाहिलं. मला काहीच दिसलं नाही. मला उगाच थंडी वाजली, मे महिन्यात.

पम्या गेल्यावर त्याची राख मायनं घरातच ठेवली.

"बापाजवळ ठेवीन म्हणते. पाणी उतरू दे," एवढंच म्हणाली.

पाणी उतरलं तेव्हा पाऊस तोंडावर आला होता. कोणती गाडी काढायची? मायची कंबर दुखते, म्हणून मी माझी काढली. खरं सांगू? थोडी खुन्नसही होती. म्हटलं, बघ पम्या, तुझ्याच मायला तुझ्याच गावात आरामात नेतो.

आरामातच गेलो. एसी चालू. मोबाइलच्या नकाशावर आमचा ठिपका निळ्या पाण्याच्या मधोमध.

"गाव केव्हा येते बाबू?"

"माय, गावातच आहोत आपण."

तिनं मांडीवरची पिशवी घट्ट धरली. खिडकीतून पाहिलं.

"नाही. गाव असतं तं मले समजलं असतं."

मी पुष्कळ फिरवली. दगड काही सापडला नाही. गाडी एकदाही हलली नाही की तिरकी झाली नाही. शेवटी माय म्हणाली, "चाल वापस. उद्या त्याची गाडी काढ."

दुसऱ्या दिवशी जीप काढली. बॅटरी बसलेली, चार पोरांनी धक्का मारला तेव्हा सुरू झाली. म्हणजे गाडी आपोआप सुरू झाली वगैरे काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माय मागं बसली. पुढची सीट रिकामीच.

गाळावर उतरलो आणि स्टेअरिंग डावीकडे ओढायला लागलं.

मी सरळ केलं. पुन्हा डावीकडे. जुनी गाडी, ढिलं स्टेअरिंग, म्हणून मी दोन्ही हातांनी दाबून धरलं. ते माझ्या हाताविरुद्ध फिरत होतं, हळूहळू, जोर न लावता.



मागून मायचा आवाज आला. अगदी शांत.

"त्याले चालवू दे ना बाबू."

मी हात सोडले.

जीप लो गिअरमध्ये आपल्या चालीनं निघाली. डावीकडे वळली, मग उजवीकडे, मग सरळ. प्रत्येक झटक्याला माय मागून पुटपुटत होती. जोतं. मोहल्ला. आपलं अंगण.

एके ठिकाणी इंजिन बंद पडलं. समोर दगड होता.

मी उतरून मागं पाहिलं. जीपचा माग एका जागेला लांबून वळसा घालून आला होता. तिथं गाळात गोल भगदाड पडलेलं. आत काळोख. आणि भगदाडाच्या काठावरून, काठ ढासळवत, सरळ गेलेला दुसरा माग. रुंद, नव्या टायरचा.

माझ्या गाडीचा. कालचा.

काल एक चाक विहिरीच्या तोंडावरून गेलं होतं. आत मी आणि माय. आम्हाला कळलंही नव्हतं.

पुढं मी खूप विचार केला. गाळाखाली बैलगाड्यांच्या जुन्या चाकोऱ्या असतील. सॉलिड ॲक्सलची चाकं त्या पकडतात, स्टेअरिंगही त्यांच्यामागं जातं. गावची वाट विहिरीला वळसा घालूनच जात असणार. हे सगळं पटतं मला. दिवसा तर पूर्ण पटतं.

पण माझ्या हातांना वेगळंच आठवतं.

त्या दिवशी मायनं दगडाजवळची माती उकरली, राख ठेवली, वरून हात फिरवला. मग पदर सावरून दगडाशी बोलली.

"आलो जी आम्ही. पोरानंच आणलं."

चावी माझ्या हातात होती. माझं तिनं नावही घेतलं नाही. आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. मी तिथंच बसून रडलो.

पम्या, जीप मी विकू दिलेली नाही. माझ्याच दारात आहे. आरामासाठी माझीच गाडी चांगली, हे मी अजूनही म्हणणार. तू नाही म्हण. कोणीतरी नाही म्हणायला पाहिजे रे.

यंदा पाणी उतरलं की मायला घेऊन येतो. मी हात सोडून बसेन.

जयभीम, मित्रा.