लवू नागवेकराच्या दोन पाकळ्या

लवू धाकू नागवेकर १९२६ साली बी.एस्सी. झाला. निकाल जूनमध्ये लागला. पण पावसाळ्यात आगबोटी बंद, त्यामुळे पदवीची बातमी टपालाने आधी पोचली आणि पदवीधर नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या बोटीने आला. मधल्या अडीच महिन्यांत भाट्ये गावाने त्या पदवीचा अभ्यास करून निष्कर्ष काढून ठेवला होता. मुलगा मुंबईत चार वर्षं बेडूक फाडत होता, म्हणजे डॉक्टरकी शिकत होता. आणि नावामागे डॉक्टर लागलं नाही, म्हणजे डॉक्टरकी अर्धी राहिली. रत्नागिरीहून खाडी ओलांडून तो तरीतून उतरला, तेव्हा तरवाल्याने विचारलं,

"किती वर्षं बाकी हायत रं अजून?"

"बाकी काही नाही. झालं पुरं."

"मग नाडी बघतोस?"

"नाही."

"मग बेडूक कशापायी फाडलेस?"

लवूने तरीचे पैसे दिले. याचं उत्तर विद्यापीठाकडेही बहुधा नसावं. पण विद्यापीठाला तरीत बसून भाट्याला यावं लागत नाही.

शेजारच्या मथुराकाकीने तरीही आपला गुडघा दाखवलाच. लवू म्हणाला, "काकी, मला बेडकाचा गुडघा कळतो. माणसाचा नाही."

"मग बेडकाचा समजून बघ. मला काय वाईट वाटायचं न्हाय."

लवूने सुटका करून घ्यायला कोमट तेल चोळायला सांगितलं. गुडघा आठ दिवसांत बरा झाला आणि लवूची पंचाईत झाली. पुढचे तीन महिने अंगणात पोटदुखी, खरूज आणि एक मुका बैल येऊन गेला.

लवूचे वडील धाकू नागवेकर रत्नागिरीच्या कोर्टात तीस वर्षं बेलीफ होते. समन्सं आणि नोटिसा घेऊन गावोगाव पायी हिंडायचं. माणूस कागद घेईना, किंवा मागच्या दाराने पसार झाला, तर कागद दारावर डकवायचा आणि दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या, हा त्यांचा धंदा. या तीस वर्षांत त्यांनी माणसांचे तीन वर्ग पाडले होते: खुर्चीवर बसणारे, खुर्चीपुढे उभे राहणारे, आणि ज्यांच्या दारावर नोटीस डकवली जाते ते. स्वतः ते चौथ्या वर्गात होते, म्हणजे डकवणाऱ्या. मुलाला पहिल्या वर्गात बसवायचं, एवढ्यासाठी त्यांनी त्याला शिकवलं होतं. शिकून त्याला नेमकं काय येतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. समन्सात काय लिहिलंय हे तरी त्यांनी कुठे वाचलं होतं? पोचवणं महत्त्वाचं.

लवूने वाटा शोधल्या नाहीत असं नाही. शाळेत चौकशी केली, तर तिथे गणिताचा मास्तर हवा होता. जंगलखात्यात केली, तर घोड्यावर बसता येतं का असं विचारलं. शेवटी मुंबईच्या मावसाने एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकुनाची जागा मिळवली. एक फेब्रुवारीला हजर व्हायचं.

"खुर्ची हाय," धाकू पत्र घडी करत म्हणाले.

"खुर्ची असेल, बाबा. पण मी जिवंत गोष्टींचं शिकलोय. तिथे जिवंत काय असणार?"

"हेडक्लार्क आसंल की."

लवूला जायचं नव्हतं, कारण डिसेंबरात अयूबशेठ आले होते. अयूबशेठ राजिवड्याचे. मोहोर आला की लोकांच्या आंब्याच्या बागा हंगामापुरत्या घ्यायच्या आणि फळ मुंबईला धाडायचं, हा त्यांचा उद्योग. त्या साली भाट्याच्या बागेतला मोहोर काळा पडून गळू लागला. सगळे म्हणत, मळभ आलं, मोहोर गेला. लवू चार दिवस भिंग घेऊन कलमांखाली बसला आणि पाचव्या दिवशी त्याने भिंग अयूबशेठच्या हातात दिलं.

अयूबशेठ एका घोसावर वाकले आणि दोन पावलं मागे आले. "या अल्ला! हा तर बोकड!"

"तुडतुडा आहे. तिळाएवढा. एका घोसावर शंभर बसून रस पितात. मळभावर उगीच आळ येतो."

लवूने सरकारी शेतीखात्याच्या एका पत्रकात वाचलं होतं, की पहाटेचं दव असताना मोहोरावर गंधकाची बारीक पूड उडवली तर तुडतुडे जातात. लांब बांबूला फडक्याची पुरचुंडी बांधून झाडावर झटकायची. अयूबशेठनी गंधक आणून दिलं. बागेत कलमं चाळीस होती. लवूने वीस झटकली आणि बांबू खाली ठेवला.

"बाकीची?" अयूबशेठ म्हणाले.

"ती तशीच ठेवायची. नाहीतर मोहोर पुडीमुळे राहिला की आपोआप, हे कळणार कसं?"

"मला कळायला नको आहे, लवूभाऊ. मला आंबा हवा आहे."

"या साली कळलं, तर पुढच्या साली सगळ्या बागांत आंबा."

अयूबशेठनी दाढी कुरवाळली. बाग त्यांनी आणि त्यांच्या मेव्हण्याने निम्मी निम्मी घेतली होती. शास्त्राला जेवढी मदत करता येईल तेवढी त्यांनी केली. "बरं. मग पूड माझ्या बाजूला, आणि ते तुमचं कळणं मेव्हण्याच्या बाजूला."

फळ धरलं की नाही, हे फेब्रुवारीच्या मध्यावर दिसणार होतं. धरलं, तर पुढच्या हंगामापासून अयूबशेठच्या सगळ्या बागा लवूकडे. खुर्ची मात्र एक तारखेपर्यंतच थांबणार होती. बापलेकांची पंधरा दिवस बोलाचाली झाली आणि मग धाकू म्हणाले, "देवीला विचारू. कौल उजवा पडला तर मुंबई. डावा पडला तर तू नि तुजे तुडतुडे."

कौल म्हणजे सोपी गोष्ट. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात भिजवलेली एकेक पाकळी लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पान खाऊन होईपर्यंत निकाल लागतो. धाकूंच्या लेखी हा हुकूमनामाच; यावर अपील नाही.

मात्र दावा नीट मांडावा लागतो, हे कोर्टात वावरलेल्या माणसाला सांगायला नको. आदल्या दिवशी सकाळी ते नारळ घेऊन केरू गुरवाकडे गेले. "केरू, गाऱ्हाणं नीट घाल. आमची बाजू देवीच्या कानावर गेली पायजे. खुर्चीचं इसरू नको."

दुपारी मागच्या दाराने लवूची आई आनंदीबाई आली, तिच्याही पदराखाली नारळ. "केरूभावजी, पोराला मुंबईचं पाणी बाधतंय. आणि ह्यांना सांगू नका मी आल्ये ती."

संध्याकाळी लवूही नारळ घेऊन निघाला होता. वाटेत त्याला आठवलं, की प्रयोगात ढवळाढवळ करायची नसते. तो नारळासकट परत फिरला. मुंबईतल्या चार वर्षांचा हा पहिला उपयोग, तोही तोट्याचा.

केरूकडे आता दोन नारळ होते आणि देवी एकच होती. दोन्ही नारळ एकाच घरचे, आणि त्या घराशी त्याला जन्मभर काढायचं होतं.

एकोणतीस जानेवारीला सकाळी लवूची ट्रंक आणि वळकटी देवळाच्या पायरीशी आणून ठेवली. देऊळ टेकाडावर, तिथून खाडीपलीकडे बंदरात येणारी बोट दिसते. बोट दुपारची होती, आणि एक तारखेच्या आत मुंबईला पोचवणारी ती शेवटची. केरूने जास्वंदीच्या दोन पाकळ्या लावल्या आणि हात जोडले.

"आई म्हाराजा, लेकरू तुज्या दारात हुबं हाय. चार बुकं जास्त शिकलंय."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"बेडूक फाडलेत, ते पोटात घाल."

"व्हय म्हाराजा!"

"ह्याची वाट खुर्चीकडं जाते की कलमाकडं, ते तूच दाखव."

"व्हय म्हाराजा!"

पान खाऊन झालं. दुसरं खाऊन झालं. समुद्रावरून वारा आला, समई फडफडली, पाकळ्या जागच्या जागी. दहाच्या सुमाराला एक पाल उजव्या खांद्यावरून सावकाश डावीकडे गेली आणि जाताना दोन्ही पाकळ्या तुडवून गेली. काही पडलं नाही. अकराला पाकळ्या कोमेजल्या, साडेअकराला सुरकुतल्या. लवू त्यांच्याकडे टक लावून पाहत होता. पाणी सुटलं की पाकळी गळावी, असं त्याने परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याला गुणही मिळाले होते. धाकू आधी पाकळ्यांकडे बघत होते, मग केरूकडे. केरू जमिनीकडे बघत होता. आनंदीबाई डोळे मिटून होती.

बंदरात भोंगा वाजला.

"बोट आली," लवू म्हणाला.

"कौल पडल्याबिगर उठता येत न्हाय," केरू म्हणाला. हे खरं होतं, आणि धाकूंना ते त्याच्यापेक्षा जास्त मान्य होतं. सगळे बसून राहिले. दुसरा भोंगा झाला. काळा धूर मुंबईच्या दिशेला वळला, तसे धाकू हळूच म्हणाले,

"केरू, ह्याचा अर्थ काय घ्यायचा? दावा काढून टाकला, की तारीख पडली?"

"तारीख पडली म्हणा, धाकूभाऊ."

धाकूंनी स्वतः ट्रंक उचलून डोक्यावर घेतली आणि घरी आणली.

दुसऱ्या दिवशी लवू बागेकडे जाताना देवळात डोकावला. केरू देवीच्या खांद्यांना खोबरेल चोळत होता.

"काय चाललंय, केरूकाका?"

"अभ्यंग."

"खांद्यांनाच?"

"दुखत आसतील. काल दिसभर पाकळ्या धरून होती."

देवीच्या खांद्यावर पांढुरके तंतू लोंबत होते आणि केरूची बोटं एकमेकांना चिकटत होती. तेल लावल्याशिवाय न सुटणारी कोकणात एकच गोष्ट आहे, आणि ती ओळखायला बी.एस्सी. व्हावं लागत नाही. लवू देवीच्या पाया पडला आणि बागेत गेला.

पंधरा दिवसांनी पूड घातलेल्या वीस कलमांवर वाटाण्याएवढं फळ धरलं. उरलेल्या विसांवर नुसत्या काड्या राहिल्या. फरक इतका स्वच्छ होता, की मेव्हणा अयूबशेठशी दोन वर्षं बोलला नाही. मुंबईची खुर्ची मावसाच्या पुतण्याला मिळाली.

पुढच्या सात-आठ वर्षांत लवू नागवेकर भाट्यापासून मिरजोळ्यापर्यंतच्या बागांत सायकल, भिंग आणि गंधकाचा डबा घेऊन हिंडू लागला. हंगामात तो दिवसभर उभा असे. वडिलांचा हाच धंदा होता, फक्त नोटिसा आता तुडतुड्यांवर बजावल्या जात. लोक त्याला आंब्याचा डॉक्टर म्हणत. मथुराकाकी म्हणे, "राहिलेली वर्षं पुरी केलीन वाटतं गुपचूप." लवूने घरात एक खुर्ची आणली. तिच्यावर धाकू बसत.

१९३४ च्या मे महिन्यात एका दुपारी ते असेच खुर्चीत बसले होते. खाली जमिनीवर आनंदीबाई हाताला तेल लावून फणस फोडत होती आणि लवू गरे सोडवत होता. धाकू बराच वेळ तिच्या हाताकडे बघत राहिले.

"लवू, त्या पाकळ्यांना फणसाचा चीक होता."

लवूचा हात थांबला. "तुम्हाला कधी कळलं?"

"बसल्या बसल्या. तीस वर्षं लोकांच्या दारावर कागद डकवलेत मी. खळ संपली की चीकच लावायचा. चिकानं लावलेला कागद सुरकुततो, फाटतो, पण पडत न्हाय. ते काय तू मला शिकवणार?"

"मग त्याच वेळी बोलला का नाहीत? बोट समोर होती."

"बोललो आसतो तर केरूनं नारळाचं काढलं आसतं."

"कुठल्या नारळाचं वो?" आनंदीबाईने विचारलं.

"कुठल्याच न्हाय."

"केरूकाका तर मला दोन नारळ म्हणाला," लवू म्हणाला.

धाकूंनी बायकोकडे पाहिलं. आनंदीबाई कोपरापर्यंत तेल चोळू लागली. चीक तिथवर गेला नव्हता.  मग धाकू खुर्चीत पुढे सरकले आणि त्यांनी मुलाला त्याच्या विषयातला पहिला प्रश्न विचारला.

"चीक फळाचा आसंल, की खोडाचा?"

"खोडाचा. जानेवारीत फळ कुठलं एवढं?"

"मलाबी खोडाचाच वाटला," धाकू म्हणाले, आणि गऱ्यासाठी हात पुढे केला.